निरोप कधी पोचतो? फॅक्सच्या भरलेल्या मेमरीची गोष्ट

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे प्रिंटर दुरुस्तीचं कधीपासून सुरू केलंत?" (हशा) त्यांचं चुकलं नाही. मी दुरुस्तीतला माणूस नव्हे. उलट आजची गोष्ट माझ्याच हातून झालेल्या एका बिघाडाची आहे. तिच्या निमित्तानं आपल्याला फॅक्सचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बघायचा आहे. त्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे. निरोप पोचला असं आपण नेमकं कधी म्हणायचं?

आधी माझा बिघाड सांगतो. साल १९९८. मी विभागप्रमुख होतो. कॉलेजच्या ऑफिसात प्रिंटर, फॅक्स आणि झेरॉक्स असं तिन्ही मिळून एकच नवं यंत्र आलं होतं. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो, तर त्याच्या छोट्या पडद्यावर दोनच शब्द दिसत होते, "मेमरी फुल". लाल दिवा लुकलुकतोय, फॅक्स येत नाही, जात नाही. क्लार्कनं मला विचारलं, "सर, काय करू?" आता पीएच.डी. झालेल्या माणसाला "मला माहीत नाही" म्हणणं अवघड जातं. मी म्हणालो, "बंद करून चालू कर." त्यानं मागचं बटण बंद केलं, दहा सेकंद थांबला, चालू केलं. दिवा गेला, यंत्र गुणगुणायला लागलं. सगळे खूश. मीही खूश. आपण काय करून बसलो ते मला तीन आठवड्यांनी कळलं. ते शेवटी सांगतो.

आता इतिहासाकडे वळू. फॅक्स म्हटलं की आपल्याला १९८०-९०चं दशक आठवतं. पण फॅक्स हा टेलिफोनपेक्षा जुना आहे. टेलिफोनचं पेटंट बेलला १८७६ साली मिळालं. फॅक्सच्या कल्पनेचं पेटंट अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४३ सालीच घेतलं होतं. म्हणजे तेहतीस वर्षं आधी. हा बेन मूळचा घड्याळजी. विजेवर चालणाऱ्या घड्याळावर त्याचं आधीपासून काम होतं, आणि फॅक्सची कल्पना निघाली ती घड्याळाच्या लंबकातून. तारेच्या दोन टोकांना दोन लंबक ठेवायचे. इकडचा लंबक धातूच्या अक्षरांवरून फिरला की वीज वाहते. तिकडचा लंबक रसायनात भिजवलेल्या कागदावरून फिरतो आणि वीज आली तिथं डाग उमटतो. एक झोका झाला की एक रेघ. अशा रेघांवर रेघा रचत चित्र तयार होतं.

यातली अट ध्यानात घ्या. दोन्ही लंबक एकाच वेळी, एकाच लयीत हलले पाहिजेत. इकडचा पुढे गेला की तिकडचं अक्षर वाकडं. पहिल्या फॅक्सला मेमरी मुळी नव्हतीच. पाठवणं आणि पोचणं या एकाच क्षणाच्या दोन बाजू होत्या. तबला आणि सतार समेवर यावीत, तसं.

पुढे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक बेकवेलनं लंबकाऐवजी फिरणारी नळकांडी वापरली आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आपलं यंत्र मांडलं. पण रोजच्या वापरात फॅक्स आणला तो जिओव्हान्नी कासेल्ली या इटालियन पाद्र्यानं. त्याच्या यंत्राचं नाव पँटेलिग्राफ. माणसापेक्षा उंच, ओतीव लोखंडाचं धूड. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा त्याला आश्रय होता. १८६५ साली पॅरिस ते लियाँ अशी सेवा सुरू झाली. तिचा जास्त उपयोग कशासाठी झाला असेल? प्रेमपत्रांसाठी नाही. बँकांना सही पडताळून बघण्यासाठी!

मला हे फार सूचक वाटतं. तारेनं मजकूर जात होताच. पण तारेतून माणसाची सही जात नव्हती. फॅक्सचं सगळं महत्त्व यात आहे, की तो "काय म्हटलं" याबरोबर "कुणी म्हटलं" हेही नेतो. म्हणून वकील, डॉक्टर, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांनी फॅक्स इतकी वर्षं सोडला नाही. टेलिप्रिंटरच्या कळफलकावर जे अक्षर नाही ते पाठवता येत नाही. फॅक्सला अक्षरांशी देणंघेणंच नाही, त्याला फक्त ठिपके कळतात. त्यामुळे जपानी लिपीचा निरोप जसाच्या तसा गेला, आणि तुमच्या-माझ्या हातचा मराठी अर्जही, काना-मात्रा-वेलांटीसकट गेला.

विसाव्या शतकातले मधले टप्पे मी भराभर सांगतो. जर्मनीत आर्थर कोर्ननं सेलेनियम वापरून फोटो तारेनं पाठवले. १९३५ साली अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं वर्तमानपत्रांसाठी तारेनं छायाचित्रं पाठवायची सेवा सुरू केली. १९६६ साली झेरॉक्स कंपनीनं साध्या टेलिफोनला जोडता येणारं, टेबलावर मावणारं यंत्र आणलं. एक पान जायला सहा मिनिटं लागायची. मग १९८० साली आंतरराष्ट्रीय मंडळानं "ग्रुप थ्री" नावाचं मानक ठरवलं आणि पान एका मिनिटाच्या आत जायला लागलं. ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये फॅक्सची जी सोय असते ती मुख्यतः याच मानकावर चालते.

हे इतकं जलद कसं झालं? इथं मला माझ्या विषयाकडे थोडं वळू द्या. ग्रुप थ्रीमध्ये पानाच्या एका आडव्या रेघेत १७२८ ठिपके असतात. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. यंत्र एकेक ठिपका पाठवत बसत नाही. "इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे" अशी मोजदाद पाठवतं. पूर्ण कोरी रेघ असेल तर ते १७२८ ठिपके फक्त १७ बिटांत सांगून होतात, वर रेघ संपल्याची एक खूण. आपल्याकडे वैशेषिकांनी पदार्थांच्या यादीत पुढे सातवा पदार्थ मानला, अभाव. "भूतलावर घट नाही" हेही एक ज्ञान आहे, असं ते म्हणाले. विद्यार्थी वर्गात हसायचे, नसलेल्या गोष्टीचा कसला पदार्थ? फॅक्सचं यंत्र हसत नाही. पानावरचा बहुतेक भाग अभावच असतो, आणि त्याला नीट नाव देता आलं म्हणून तर पान मिनिटात जातं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. टाइप केलेलं पत्र मेमरीत थोडी जागा घेतं. पण फोटो, राखाडी पार्श्वभूमी, काळपट झालेली झेरॉक्स असं काही पाठवलं की पांढऱ्या-काळ्याचे तुकडे बारीक होतात, मोजदाद वाढते आणि जागा भराभर संपते. पानाची प्रत "फाइन" ठेवली तर उभ्या दिशेनं रेघा दुप्पट होतात.

आता मेमरीकडे येऊ. सुरुवातीच्या ऑफिस-फॅक्समध्ये उष्णतेनं काळा पडणाऱ्या गुळगुळीत कागदाची गुंडाळी असायची. आलेलं पान थेट तिच्यावर उमटायचं. गुंडाळी संपली की यंत्र फोनच उचलायचं नाही. पाठवणाऱ्याला लगेच कळायचं, की पोचलं नाही, पुन्हा बघू. गैरसोय होती, पण फसवणूक नव्हती.

मग यंत्रात मेमरी आली. सोय केवढी! कागद संपला तरी चिंता नाही. यंत्र फोन उचलतं, पानं ऐकून घेतं, पोटात ठेवतं आणि पाठवणाऱ्याला सांगतं, "ओके". त्याच्याकडे तसा रिपोर्ट छापून निघतो. तो रिपोर्ट फाइलला लावून निश्चिंत होतो. इकडे माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र काहीही आलेलं नसतं. बेनच्या दोन लंबकांची जोडी इथं तुटली. पाठवण्याचा क्षण आणि मिळण्याचा क्षण वेगळे झाले, आणि दोघांच्या मध्ये एक अंधारी खोली तयार झाली. आपण तिला मेमरी म्हणतो.

ही खोली गच्च भरली की यंत्र म्हणतं, "मेमरी फुल". आपण ते बिघाड म्हणून वाचतो. मी ते आज असं वाचतो: "मी तुमच्यासाठी बरंच काही ऐकून ठेवलंय. तुम्ही ते बघितल्याशिवाय मला आणखी ऐकता येणार नाही."

मग अशा वेळी करायचं काय? बऱ्याच दवाखान्यांत, वकिलांकडे आणि कचेऱ्यांत ही यंत्रं अजून आहेत, तेव्हा सांगूनच टाकतो. हे मी नंतर एका मेकॅनिककडून शिकलो.

पहिली गोष्ट, यंत्र बंद करायचं नाही. काही यंत्रं वीज गेली तरी आलेली पानं काही तास सांभाळतात, काही अजिबात सांभाळत नाहीत. आपलं कोणत्या जातीचं आहे हे बटण दाबून शोधू नये.

दुसरी, कागदाचा ट्रे आणि टोनर बघायचा, कुठं कागद अडकलाय का तेही. निम्म्या वेळा एवढंच असतं. कागद भरला की अडलेली पानं आपोआप धडाधड बाहेर येतात.

तिसरी, यंत्र फॅक्स छापायच्या ऐवजी नुसते साठवून ठेवायला सांगितलेलं आहे का, ते मेनूत बघायचं. कागद वाचावा म्हणून कुणीतरी तसं करून ठेवतं आणि विसरतं. किंवा फॅक्स संगणकावर जायची सोय केलेली असते आणि तो संगणक चार दिवस बंद असतो. साठलेली यादी उघडायची, सगळं छापायचं, छापलेलं तपासायचं, आणि मगच पुसायचं. या क्रमाला फार महत्त्व आहे.

चौथी, जाणारे फॅक्स. रात्रीसाठी लावून ठेवलेले, दहा जणांना एकदम पाठवायचे, समोरचा नंबर लागत नाही म्हणून ताटकळत असलेले, हेही त्याच मेमरीत बसतात. नको असतील ते यादीतून रद्द करायचे. मोठं प्रकरण असेल तर दहा-दहा पानांचे गठ्ठे करायचे आणि "फाइन"ऐवजी साधी प्रत निवडायची.

पाचवी, येण्या-जाण्याची नोंदवही छापून घ्यायची. कुठून, कधी, किती पानं आली ते तिच्यात असतं. एखादं पान हरवलंच असेल तर निदान कुणाला "पुन्हा पाठवा" म्हणायचं ते कळतं. एवढं करून भागलं नाही तर मेकॅनिकला फोन.

आता "पोचला" या शब्दाकडे येऊ. हा प्रश्न कोर्टांना माझ्यासारख्यांच्या आधी पडलेला आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली टेलेक्सवरून झालेल्या एका कराराचा खटला चालला, एंटोरेस कंपनीचा. लॉर्ड डेनिंग यांनी निकालात एक काल्पनिक उदाहरण घेतलं. घेणाऱ्याच्या टेलिप्रिंटरची शाई संपली तर? त्यांच्या विचाराचा मथितार्थ असा, की नीट न उमटलेला मजकूर पुन्हा मागून घेणं घेणाऱ्याच्या हातात होतं. त्यानं तशी तसदी घेतली नाही तर "मला मिळालं नाही" असं त्याला म्हणता येणार नाही.

आपल्याकडचा खटला तर आपल्या विदर्भातला आहे. खामगावची जिनिंग फॅक्टरी, अहमदाबादचे व्यापारी, आणि सरकीच्या पेंडीचा सौदा. १९५९ साली तो टेलिफोनवर झाला. भांडण झाल्यावर प्रश्न आला, करार झाला कुठं? खामगावला "हो" म्हटलं तिथं, की अहमदाबादला ते "हो" ऐकू आलं तिथं? सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं सांगितलं, ऐकू आलं तिथं, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिलं. त्यांच्या मते बोलणारा बोलला तिथं, खामगावलाच, करार पुरा झाला. बघा, पेंडीच्या पोत्यांवरून केवढा तात्त्विक प्रश्न निघाला!

पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर फॅक्सचंच प्रकरण आलं. न वटलेल्या चेकची नोटीस जून १९९६मध्ये आधी फॅक्सनं गेली आणि मग रजिस्टर पोस्टानं. पोस्टाच्या तारखेपासून मोजलं तर फिर्याद मुदतीत होती, फॅक्सपासून मोजलं तर मुदत टळलेली होती. न्यायालयानं फॅक्स धरला. आपलीच जलद नोटीस फिर्यादीला नडली. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तेराव्या कलमात तर असं म्हटलंय, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर, घेणाऱ्यानं नेमून दिलेल्या संगणकीय साधनात नोंद शिरली की ती मिळाली असं धरावं. शिरली की मिळाली! वाचली का, हा प्रश्नच नाही. कायद्याला कुठंतरी रेघ मारावी लागते, त्यानं ती अंधाऱ्या खोलीच्या दारावर मारली.

पण राजकारण आणि आयुष्य त्या रेघेवर थांबत नाही. २१ नोव्हेंबर २०१८ची संध्याकाळ आठवा. मेहबूबा मुफ्ती यांनी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार बनवण्याचा दावा करणारं पत्र श्रीनगरहून जम्मूच्या राजभवनाला फॅक्स करायचा प्रयत्न केला. ८७ जागांच्या विधानसभेत ५६ आमदारांच्या पाठिंब्याचा दावा त्यात होता. फॅक्स जात नाही म्हणून त्यांनी पत्र ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. ते नंतर म्हणाले, त्या दिवशी ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कुणी नव्हतं, आणि फॅक्स मिळाला असता तरी निर्णय तोच राहिला असता. त्या निर्णयाच्या बरोबर-चूकमध्ये मी आज शिरत नाही. मी एवढंच म्हणतो, की एका राज्याचा प्रश्न एका यंत्रापाशी आला आणि सगळा देश विचारायला लागला, "यंत्राजवळ कोण होतं?" प्रश्न अगदी योग्य होता. यंत्रानं पोचवायचं असतं, पण मिळतं ते माणसाला.

जाता जाता भरलेल्या मेमरीच्या बाजूनंही थोडं बोलतो. २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाच्या रुग्णांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. ओळी संपल्या आणि १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. ना दिवा लागला, ना शिट्टी वाजली. त्याच्यापुढे आपलं बिचारं फॅक्सचं यंत्र किती प्रामाणिक! ते निदान सांगतं तरी, "आता जागा नाही." ओरडणाऱ्या यंत्राला गप्प करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता माझा बिघाड. आमची एक विद्यार्थिनी होती, खेड्यातून आलेली, घरी फोन नाही. परदेशातल्या एका संस्थेकडे तिनं शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता आणि संपर्कासाठी कॉलेजचा फॅक्स नंबर दिला होता. नंबर द्यायचा सल्ला माझाच. सुट्टी संपून तीन आठवडे झाल्यावर त्या संस्थेचं पत्र विभागाच्या नावे आलं. मजकूर सरळ होता. निवड झाल्याचं अमुक तारखेला फॅक्सनं कळवलं होतं, आमच्या रिपोर्टवर "ओके" आहे, दहा दिवसांत संमती आली नाही म्हणून पुढच्या उमेदवाराला संधी दिली. ती तारीख दिवाळीच्या सुट्टीतली होती. ट्रेमधला कागद सुट्टीआधीच संपला होता. तिची निवड त्या यंत्राच्या पोटात होती, आणि मी म्हणालो होतो, "बंद करून चालू कर."

मी तिला काय सांगितलं? "त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली." वाक्य खोटं नव्हतं. पण ज्या वाक्यानं ऐकणाऱ्याचा गैरसमज होणार हे आपल्याला माहीत असतं, ते खरं म्हणायचं का, यावर मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आहे. ती पुढे बँकेत लागली, संसार झाला. दोन वर्षांपूर्वी ती एका कार्यक्रमात भेटली आणि मी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मला इतकी वर्षं वाटत होतं, मी नापास झाले."

तिचा फॅक्स त्या दिवशी पोचला. चोवीस-पंचवीस वर्षं तो माझ्याच मेमरीत अडकून होता.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोता: सर, आता फॅक्स कोण वापरतं? हे सगळं इतिहासजमा नाही का?

उत्तर: आपल्याकडे बऱ्यापैकी झालंय. जपानमध्ये मात्र २०२० साली डॉक्टर करोनाच्या रुग्णांची माहिती हातानं लिहून फॅक्स करत होते, आणि २०२१मध्ये सरकारनं कचेऱ्यांतला फॅक्स बंद करायचं ठरवलं तर खात्यांनीच विरोध केला. पण समजा, उद्या शेवटचं यंत्र भंगारात गेलं. तुमच्या फोनवर दोन राखाडी खुणा येतात ना? तो आपला आजचा "ओके" रिपोर्ट. न वाचलेले किती मेसेज पडलेत तुमच्या फोनमध्ये? (हशा) हसू नका, घरी जाऊन बघा. त्यात कुणाचं तरी काहीतरी असेल. आधी वाचा, मग पुसा.